पडण्याचा पूर्वेतिहास : नाही

माझ्या बायकोच्या दुखण्याची फाईल मी स्वतः तयार केली आहे. बत्तीस वर्षं पाटबंधारे खात्यात दप्तर सांभाळलं, तेव्हा फाईल कशी असावी हे मला कुणी शिकवायची गरज नाही. वर अनुक्रमणिका, मग तारखेप्रमाणे कागद आणि प्रत्येक डॉक्टरच्या कागदाला माझ्या अक्षरातली एक टीप. जुन्या कागदांवर शहराचं नाव औरंगाबाद आहे, नव्यांवर छत्रपती संभाजीनगर. दुखणं मात्र दोन्हीकडे तेच.

डॉक्टरकडे गेलो की मी फाईल टेबलावर ठेवायचो आणि सांगायला लागायचो. "मी वैजनाथ सेलूकर. ही माझी पत्नी प्रमोदिनी, वय सत्तावन्न. शुगर नाही, बीपी नाही. कंबर दुखते, चार वर्षं होत आली. बसलं की वाढतं. पडल्या-बिडल्याचा काही प्रकार नाही." हे सगळं एका दमात. डॉक्टरांना ते आवडायचं. एक जण तर म्हणाले, "असे नातेवाईक मिळाले तर आमचं अर्धं काम कमी होईल." परत येताना मी हे वाक्य प्रमोदिनीला दोनदा ऐकवलं. ती रिक्षात उजव्या अंगावर कलून, वरची दांडी धरून बसली होती. "ऐकलं मी. तिथंच होते ना," ती म्हणाली.

तिला बसता येत नव्हतं. दहा मिनिटं बसली की चेहरा बदलायचा, पंधराव्या मिनिटाला ती काहीतरी निमित्त काढून उठायची. जेवण ओट्याशी उभ्यानं. पेपर खिडकीशी उभ्यानं. लग्नाला गेलो तर मागच्या भिंतीला टेकून उभी, आणि लोक येऊन विचारणार, "वहिनी, खुर्ची आणू का?" गारखेड्यातल्या आमच्या कॉलनीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज ती शिवायची. ते थांबलं. मशीनवर तिनं जुनी चादर टाकून ठेवली आणि तीन वर्षं ती काढली नाही.

दुखणं खरं तर कंबरेच्या खाली आहे, हे मला अगदीच ठाऊक नव्हतं असं नाही. पण आमच्या घरात त्या भागाला नाव नाही. आजोबा पंचांग सांगायचे, वडील तहसिलीत कारकून. पोराला धपाटा घालायचा असला तरी वडील "मागं एक ठेवून देईन" एवढंच म्हणत. कवितेत नितंब म्हणतात आणि शाळेच्या मैदानावर आणखी काही म्हणतात. डॉक्टरसमोर स्वतःच्या बायकोच्या बाबतीत यातला कुठला शब्द वापरायचा? कंबर म्हटलं की सभ्यपणे सगळं भागतं. हाडांच्या पहिल्या डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढला, रुंद पट्टा दिला, आणि मी तो रोज सकाळी स्वतः घट्ट आवळून बांधू लागलो. तो बांधल्यावर ती एक मोठा श्वास घ्यायची. मला वाटायचं, आराम पडला.

मग एकामागून एक. विटॅमिनची इंजेक्शनं झाली. कमरेवर उडदाच्या पिठाचं आळं करून त्यात कोमट तेल ओतायचं, ती कटीबस्ती झाली एकवीस दिवस. वजन लावून ओढणं झालं. चुंबकाची गादी झाली, ती आता माळ्यावर आहे. पुण्याहून मिहिरनं, आमच्या मुलानं, मधोमध भोक असलेली उशी पाठवली. ती बघून प्रमोदिनी इतकी हसली की मला ती परत पाठवावी लागली. प्रत्येक उपायानंतर मी विचारायचो, "फरक आहे ना?" आणि ती म्हणायची, "थोडा आहे." हा थोडा फरक मी तारखेनिशी टिपून ठेवत असे.

एका रविवारी दौलताबादला आवडाबाईकडे गेलो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो माणूस पायाळू, आणि पायाळू माणसानं पाय लावला की कंबरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे सगळे सांगतात. वर प्रत्येक जण हेही सांगतो की आपण काही ते मानत नाही. आम्हीही मानत नव्हतो, म्हणून किल्ला बघायला चाललोय असं शेजाऱ्यांना सांगून गेलो. आवडाबाई सत्तरीची, किल्ल्याच्या रस्त्याला पेरूची पाटी घेऊन बसलेली. आम्हाला घेऊन ती मागच्या खोलीत आली.

"कुटं दुखतंय?" तिनं प्रमोदिनीला विचारलं.

"कंबर," मी म्हणालो.

"तुमची का तिची?"

"तिचीच."

"मंग तिला बोलू द्या की वो. तिला काय तोंड नाय व्हय?"

प्रमोदिनी हसली. मीही हसलो, आणि मग चार वर्षांची हकीकत तोंडपाठ सांगून टाकली. आवडाबाईनं निमूट ऐकलं, प्रमोदिनीला पालथं निजवलं, उजवा पाय तीनदा कमरेला लावला. आम्ही निघताना ती म्हणाली, "म्या लावला पाय. पर कमरंतलं नाय वाटत मला ह्ये. कुनाला तरी नीट दाखवा." अडाणी बाई, तिचं काय घ्यायचं, म्हणून मी ते फाईलमध्ये नोंदवलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एमआरआय झाला. कंबरेतल्या चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी थोडी बाहेर आली होती. मणक्याचे सर्जन गंभीर आणि सरळ माणूस होते. "या वयात अशी गादी पुष्कळांची असते," ते म्हणाले. "पण इतके उपाय झालेत आणि गुण नाही. तर तेवढा भाग काढून बघू. साठ टक्के आशा आहे, जास्त सांगत नाही." मग त्यांनी पेन उघडलं. "कधी पडल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी प्रमोदिनीकडे पाहिलं. ती टेबलावरच्या प्लास्टिकच्या मणक्याकडे बघत होती. त्यांनी लिहिलं, पडण्याचा पूर्वेतिहास, दोन ठिपके, नाही. ऑपरेशनची तारीख बारा डिसेंबर ठरली.

त्या आठवड्यात प्रमोदिनीनं स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हरभरा डाळ. तूरडाळ. भाजणी, थालीपिठाची. तिच्या हातात इतकी वर्षं ते डबे होते, तिला चिठ्ठ्या कशाला लागतात? त्या माझ्यासाठी होत्या. मी घाबरलो होतो, हे सांगायला हरकत नाही. रोज संध्याकाळी मी फाईल काढून पहिल्या पानापासून वाचायचो, आणि सगळे कागद जागच्या जागी आहेत हे बघून मला धीर यायचा.

एकच कागद नव्हता. विमा कंपनीनं कळवलं की ऑपरेशनला मंजुरी हवी असेल तर आधी फिजिओथेरपी करून पाहिल्याचा दाखला जोडा. अकरा डॉक्टर झाले होते, पण हे राहूनच गेलं होतं. बारा तारखेला पंधरा दिवस उरले होते. मग मी सरकारी नोकरीत शिकलो ते केलं. दाखल्याचा मजकूर स्वतः टाईप करून घेतला, "सदर रुग्णास फिजिओथेरपीचा उपचार देण्यात आला असून गुण आलेला नाही", खाली सहीला जागा सोडली, आणि सही देईल असा माणूस शोधत औरंगपुऱ्यात गेलो. भांड्यांच्या एका दुकानाच्या वर पाटी होती, सरिता साळवे, फिजिओथेरपिस्ट.

जिना अरुंद होता. मी पुढे, प्रमोदिनी मागे. वर दारात तिशीतली एक मुलगी उभी होती, पांढरा कोट, हातात चहाचा कप. तीच सरिता. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"काकू, प्रत्येक पायरीला उजवाच पाय आधी टाकायलात तुम्ही," ती म्हणाली. "डावा नुसता ओढून घेताय. किती दिवसांपासून?"

"चार वर्षं," मी म्हणालो आणि तिच्यासमोर टाईप केलेला कागद ठेवला. "तुम्हाला काही लिहायचं नाही. फक्त सही आणि शिक्का."

तिनं तो वाचला. "काका, मी काही केलेलंच नाही. गुण आला नाही असं कसं लिहू?"

"तशी पद्धत असते."

"असेल. माझे वडील करमाडच्या शाळेत शिपाई होते, सह्या कशा होतात ते मीपण बघितलंय." ती रागानं बोलत नव्हती. "आधी तपासते. गुण येणार नाही असं वाटलं तर लिहून देईन. तुम्ही बाहेर बसा."

"मी आधी हकीकत सांगतो."

"त्यांना सांगू द्या."

"तिला नीट सांगता येत नाही. ही फाईल तरी..."

"फाईल तुमच्याजवळच राहू द्या."

चार वर्षांत मला कुणी खोलीच्या बाहेर बसवलं नव्हतं. प्लास्टिकच्या खुर्चीवर फाईल मांडीवर घेऊन मी बसलो. आत-बाहेरच्या मध्ये एक हिरवा पडदा होता, एवढंच. खाली दुकानात कुणीतरी पातेली वाजवून बघत होतं, तरी सगळं ऐकू येत होतं.

"काकू, सगळ्यात जास्त जिथं दुखतं तिथं एक बोट ठेवा. हात नको, एकच बोट."

मग प्रमोदिनी म्हणाली, "इथं."

"हे तर कमरेच्या बरंच खाली आहे. डाव्या कुल्ल्यावर, आतल्या बाजूला. आणि पट्टा कुठं बांधता?"

"कमरेला. हे बांधतात."

"लाजू नका. इथं येणारी सगळी त्याच्यावरच बसतात."

प्रमोदिनी हसली. त्या उशीच्या वेळी हसली होती तशी. मी खुर्चीत जरा सावरून बसलो, कारण माझी बायको परक्या मुलीशी आपल्या शरीराबद्दल बोलताना मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"कधी वाढतं?"

"बसलेलं असताना दुखतंच, पण उठताना जास्त. जिना चढताना. रिक्षा खड्ड्यातून गेली की डोळ्यांपुढं अंधारी येते. आणि झोपेत कूस बदलायची म्हणजे... पदर तोंडात धरते मी. आवाज झाला तर ह्यांची झोप मोडते."

यातली बसल्याची गोष्ट सोडून एकही माझ्या फाईलमध्ये नव्हती. पदराचं तर नव्हतंच. मी तिच्या शेजारी झोपतो. मला झोप चांगली लागते, याचा मला थोडा अभिमानही होता.

"पडला होतात का कधी?" सरितानं विचारलं.

मी सवयीनं उठलोच. "नाही" हा शब्द जिभेवर तयार होता. तो पडद्याच्या अलीकडेच राहिला, कारण आतून प्रमोदिनी म्हणाली, "हो."

मला वाटलं, तिला प्रश्न कळला नाही. मी पडद्याला हात घातला.

"या दिवाळीला चार वर्षं झाली," ती सांगत होती. "सासूबाईंना बाथरूममधून आणत होते. पाय घसरला. मी उंबऱ्यावर बसले, दाणकन, आणि त्या माझ्या अंगावर. हे होते घरी."

मी पडदा सोडला आणि परत खुर्चीवर येऊन बसलो.

हे होते घरी. खरं आहे, होतो. त्या दिवसाला आमच्या घरात नाव आहे. आम्ही त्याला 'आई पडली तो दिवस' म्हणतो. धनत्रयोदशीची सकाळ. मी दाढी करत होतो, गालाला साबण तसाच. आवाज आला म्हणून धावलो तर दोघी बाथरूमच्या दारात. उंबरा चांगला चार बोटं उंच आहे. त्यावर प्रमोदिनी, आणि तिच्या मांडीवर आई, लहान मूल असावं तशी. प्रमोदिनीनं दोन्ही हातांनी तिला धरून ठेवलं होतं. मी आईला उचललं. "आई, लागलं का? कुठं लागलं?" हेच मी सारखं विचारत होतो. आई म्हणाली, "मला नाही रे." हे "मला नाही" मी नीट ऐकलं नाही. आईला काही झालं नाही एवढंच ऐकलं.

पण ब्याऐंशी वर्षांचं हाड, धोका कशाला पत्करायचा, म्हणून मी रिक्षा बोलावली. मागच्या सीटवर प्रमोदिनी बसली आणि तिच्या मांडीवर आईचं अर्धं अंग, हादरे बसू नयेत म्हणून. मी पुढे ड्रायव्हरजवळ. जालना रोडवर तेव्हा खोदकाम चालू होतं. मी त्याला दर खड्ड्याला ओरडत होतो, "अरे भाई, आहिस्ता, आई है पीछे." एक्स-रे आईचा काढला. काही निघालं नाही. मी चौकातून पेढे घेतले, शेजारी वाटले आणि सगळ्यांना सांगितलं की आई पडली, पण बालंबाल वाचली. ज्या अंगावर पडली म्हणून वाचली ते अंग कुणाचं, हे मी एकालाही सांगितलं नाही, कारण मला ते सुचलंच नाही. प्रमोदिनी त्या संध्याकाळी उभी राहून चकल्या तळत होती. तेव्हापासून ती उभीच होती.

आणि पुढच्या जानेवारीत, अडीच महिन्यांनी, पहिल्या डॉक्टरांनी विचारलं, पडल्या होत्या का, तर मी लगेच आणि स्वच्छ आवाजात नाही म्हणालो. खोटं बोललो नाही. माझ्या हिशेबी त्या दिवशी आई पडली होती.

सरितानं मला आत बोलावलं तेव्हा प्रमोदिनी टेबलावर कुशीवर झोपली होती आणि तिचे डोळे ओले होते. तपासताना दुखलं असावं किंवा नसावं.

"मणक्याचं खालचं टोक आणि कुल्ल्याचं हाड जिथं जुळतं तिथं दोन बाजूंना दोन सांधे असतात," सरिता म्हणाली. तिनं माझाच हात धरून माझ्याच पाठीवर जागा दाखवली. "जोरात बसलं की त्यातला एखादा दुखावतो. पाच प्रकारे दाबून-वळवून बघितलं, चार वेळा त्यांचं तेच दुखणं उठलं. माझी खात्री नव्वद टक्के आहे, शंभर नाही. एमआरआयतली गादी तिथं असेल, पण दुखणारी वस्तू ती नसावी. मी सर्जनसाहेबांना चिठ्ठी देते. त्यांनाच बघू द्या."

मग तिनं प्रमोदिनीचा पट्टा सोडला आणि चार बोटं खाली, कुल्ल्यांच्या भोवती बांधला. अरुंद करून, घट्ट. "आता उठा."

प्रमोदिनी उठली. टेबलाला न धरता उठली. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं.

"काका, पडल्याचं फाईलमध्ये कुठं आहे का?" सरितानं विचारलं.

"आहे," मी म्हणालो. "नाही असं आहे. अकरा ठिकाणी."

ती चिठ्ठी लिहायला बसली. त्याबद्दल मी तिचा आभारी आहे.

सर्जननी चिठ्ठी दोनदा वाचली. या वेळी प्रमोदिनीलाच विचारलं आणि तिला पुन्हा तपासलं. मग म्हणाले, "हे आधी समजलं असतं तर ऑपरेशनचं नाव मी घेतलं नसतं." हे वाक्य ते तिला उद्देशून म्हणाले. मी जमिनीकडे बघत होतो. त्यांनी एक परीक्षा सुचवली. एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्या सांध्यात भुलीचं इंजेक्शन द्यायचं. दुखणं तिथलंच असेल तर थोड्या वेळात थांबेल. गादीचं असेल तर थांबणार नाही. बारा डिसेंबरला जिथं ऑपरेशन व्हायचं, त्याच दवाखान्यात नऊ तारखेला ती सुई दिली. पाव तासानं नर्स म्हणाली, बाहेर बाकावर बसून बघा.

ती बसली. मी समोर उभा होतो आणि घड्याळ बघत होतो. दहा मिनिटं झाली. पंधरा. विसाव्या मिनिटाला नर्स म्हणाली, झालं, जाऊ शकता. प्रमोदिनी उठेना. "थांबा हो जरा," ती म्हणाली. "बसू द्या." ती आणखी अर्धा तास तिथं बसली. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत, पाय किंचित हलवत. इतकं सुख मी कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही, आणि त्याच वेळी मला इतकी लाजही कधी वाटलेली नाही.

ऑपरेशन रद्द झालं. भुलीचा असर उतरला तसं दुखणं परत आलं, पण सुईत सूज उतरवायचं औषधही होतं, त्यानं ते आधीइतकं राहिलं नाही. खरं काम नंतरचं, असं सरितानं सांगितलं होतं. आठवड्यातून दोनदा तिच्याकडे, रोज सकाळी घरी व्यायाम. चार वर्षं एका पायावर भार टाकून डावी बाजू दुबळी झाली होती, तिला परत कामाला लावायचं. चमत्कार झाला नाही. जानेवारीत एक आठवडा तर इतका वाईट गेला की प्रमोदिनी म्हणाली, सोडून देऊ. सरितानं फोनवर सांगितलं, "काकू, चार वर्षांचं दुखणं चार आठवड्यांत जातंय होय? निम्मे करा, पण करा." तिनं निम्मे केले. आता मार्च आहे. ती तासभर बसते. रिक्षातून अजून कळ येते. कूस बदलताना ती पदर धरते का, हे बघायला मी काही रात्री जागा राहिलो. आता धरत नाही.

व्यायामाच्या वेळी माझं काम मोजायचं. ती सतरंजीवर उताणी झोपते, गुडघे मोडून, आणि कंबर वर उचलून धरते. मी दहा म्हणेपर्यंत धरून ठेवायचं, मग खाली. असं दहा वेळा. परवा सकाळी मोजता मोजता मी विचारलं. तीन महिने मी ते विचारायचं टाळत होतो.

"पहिल्या डॉक्टरकडंच का नाही सांगितलंस?"

"आई होत्या तेव्हा," ती वर बघत म्हणाली. "मी त्यांच्यापायी पडले हे घरात कळलं असतं तर त्यांनी बाथरूमला नेऊ दिलं नसतं. आधीच हात जोडायच्या मला रोज."

"आणि आई गेल्यावर?"

"गेलेल्या माणसावर कुठं घालायचं?" ती खाली आली, श्वास घेतला, परत वर गेली. "आणि तोवर तुम्ही चार डॉक्टरांना नाही म्हणाला होतात. पाचव्यासमोर मी हो म्हणायचं म्हणजे तुम्हाला खोटं पाडायचं. इतकं सगळं लिहून ठेवलेलं तुम्ही."

मी मोजत होतो. आकडे तोंडातून आपोआप येत होते.

"ते ऑपरेशन," मी म्हणालो. "बारा तारखेचं. ते तू करून घेतलं असतंस?"

तिची कंबर वर धरलेली होती आणि पाय थोडे थरथरत होते.

"घेतलं असतं की," ती म्हणाली.

मला पुढचा आकडा आठवेना. ती तशीच वर होती, वाट बघत. तिच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. मी तोंड उघडलं, पण कितीवर आलो होतो ते मला सांगता येईना.

"आठ झाले," प्रमोदिनी म्हणाली, आणि उरलेले दोन तिनं स्वतःच मोजले.